ट्रायल्सच्या गाडीला किती सीसी आणि किती मिलिमीटर

नागपूरहून उमरेडच्या रस्त्याला लागले की पाचगावच्या आसपास दगडखाणी सुरू होतात. त्यांतली एक बंद पडलेली खाण मालकाच्या परवानगीने आम्हा चार-पाच जणांना रविवारी सकाळी वापरायला मिळते. खाणीच्या तळाशी काळ्या दगडाची, मांडीला लागेल इतक्या उंचीची एक पायरी आहे आणि तिच्या आधी गाडीच्या दीडपट लांबीची सपाट जागा आहे. वेग घ्यायला वाव नाही. पायरीसमोर चालण्याच्या गतीने यायचे, क्षणभर ॲक्सिलरेटरची मूठ पिळून पुढचे चाक उचलायचे, लगेच मूठ सोडायची आणि मागचे चाक दगडाला टेकताच पुन्हा नेमकी तेवढीच पिळायची. ट्रायल्स या खेळाच्या गाडीचे इंजिन किती सीसीचे असावे आणि कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, किती मिलिमीटर नळीचा असावा, हा प्रश्न माझ्यापुरता या पायरीवर सुटला, आणि त्याला तीन वर्षे लागली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रायल्समध्ये शर्यत नसते. दगड, चिखल, ओढा, चढ-उतार यांतून आखलेला छोटा टप्पा पाय न टेकता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन आणि टप्पा पूर्ण झाला नाही तर पाच गुण दंड लागतो. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. या खेळासाठी परदेशात बनणाऱ्या गाड्या सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या असतात, त्यांना बसण्याजोगे आसन जवळजवळ नसतेच आणि त्यांची इंजिने मुख्यतः १२५, २५० आणि ३०० सीसीची टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात एकदा इंधन जाळणारी, असतात. आपल्याकडे ती गाडी आणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून आम्ही जुन्या गाड्या उघडून स्वतः बांधतो. अशी बांधलेली गाडी मी रस्त्यावर चालवत नाही, छोट्या हत्तीत घालून खाणीपर्यंत नेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी न जुळणारा बदल करून वाहन रस्त्यावर आणता येत नाही, आणि हे प्रत्येकाने गाडी उघडण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

माझी पहिली गाडी आरएक्स १०० च्या इंजिनावर उभी राहिली. ९८ सीसी, ५० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५० मिलिमीटरचाच स्ट्रोक (पिस्टनची चाल), हलके आणि साधे इंजिन; शिवाय नागपुरात त्याचे काम जाणणारे मिस्त्री अजून आहेत. या इंजिनावर मूळचा मिकुनी कंपनीचा २० मिलिमीटरचा कार्बोरेटर होता. परदेशी ट्रायल्स गाड्यांवर केहिन कंपनीचा २८ मिलिमीटरचा, चपट्या स्लाइडचा (नळीत वर-खाली होऊन वाट उघडणाऱ्या पडद्याचा) कार्बोरेटर असतो हे मी वाचले होते, म्हणून त्याच आकाराचा एक नकली कार्बोरेटर मागवला, लेथवर त्याला इंजिनाशी जोडणारा इनटेकचा तुकडा बनवून घेतला आणि मोठ्या उत्साहाने पायरीसमोर आलो. पुढचे चाक उचलण्यासाठी मूठ पिळली तेव्हा इंजिन अर्धा क्षण रिकामे झाले, भक् असा आवाज आला आणि मग एकदम जोर आला. तोवर पुढचे चाक पायरीवर आदळून खाली घसरले होते आणि तो उशिरा आलेला जोर गाडीला माझ्या अंगावर घेऊन आला. डाव्या मनगटाला सहा आठवडे पट्टी होती.

ज्या मिस्त्रींकडे मी ही कामे करतो ते वयाने वडीलधारे आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी कार्बोरेटर हातात घेतला, तोंडाजवळ नेऊन नळीतून उजेडाकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, तोंड एवढं मोठं लावून ठेवलं, अन् इंजिनाचा श्वास केवढासा? गुदमरून राहिली ना गाडी." मी सांगितले की बाहेरच्या गाड्यांवर एवढाच असतो. त्यावर त्यांचा प्रश्न होता, "त्यांचं इंजिन केवढं हाय?"

या प्रश्नात सगळे आले होते. कार्बोरेटरच्या व्यासाचा अंदाज घेण्याचे एक जुने सूत्र आहे: सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्यावी, तिला मिनिटाला ज्या फेऱ्यांवर इंजिनाने सर्वांत जास्त काम करावे अशी आपली इच्छा आहे त्या फेऱ्यांनी गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ०.६५ ते ०.९ यांमधल्या एका आकड्याने गुणावे. येणारे उत्तर मिलिमीटरमध्ये असते. मी ०.७५ धरतो. आरएक्स १०० चे इंजिन ७,५०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देते, ०.०९८ गुणिले ७,५०० म्हणजे ७३५, त्याचे वर्गमूळ सुमारे २७ आणि त्याचे पाऊणपट म्हणजे २०. कंपनीने २० मिलिमीटरचा कार्बोरेटर का दिला ते इथे कळते. आता उलट हिशेब केला, तर २८ मिलिमीटरच्या नळीला न्याय द्यायला या इंजिनाला चौदा हजार फेऱ्यांपर्यंत जावे लागेल. ट्रायल्समध्ये मी तीन हजारांच्या आसपास असतो. तोच २८ मिलिमीटरचा कार्बोरेटर २५० सीसीच्या इंजिनावर ठेवला तर उत्तर साडेपाच हजार येते आणि ३०० सीसीवर साडेचार हजारांच्या थोडे वर. परदेशी गाडीवर तो का शोभतो आणि माझ्या गाडीवर का शोभत नव्हता, हे समजायला मला एक कागद आणि दहा मिनिटे पुरली असती.

यामागचे कारण नळीतल्या हवेच्या वेगात आहे. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. नळीतून जोराने जाणारी हवा तिथला दाब कमी करते आणि त्या कमी दाबामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यातून, वर ओढले जाते. २० च्या जागी २८ मिलिमीटर घेतले की नळीचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते, तेवढीच हवा निम्म्या वेगाने जाते, आणि ओढ वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती पावपटीवर येते. स्लाइड पूर्ण खाली असताना, म्हणजे गाडी नुसती उभी राहून चालू असताना, हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तेव्हा हवेची वाट स्लाइडच ठरवते. गाडी घराबाहेर उभी करून सुरू केली तर ती छान चालते आणि माणूस फसतो. मूठ झटक्यात फिरली की स्लाइड वर जाते, मोठी नळी एकदम उघडते, हवा धावत येते आणि पेट्रोल मागे राहते. तो रिकामा अर्धा क्षण तिथे जन्मतो. शिवाय मोठ्या नळीत मनगटाच्या तितक्याच हालचालीने जास्त वाट उघडते, त्यामुळे थोडेसे, नेमके देणे अवघड होते, आणि आमच्या खेळात थोडेसे आणि नेमके यांशिवाय दुसरे काही नसते.

मूळचा २० मिलिमीटरचा कार्बोरेटर परत लावला आणि गाडी पहिल्याच दिवशी पायरी चढली. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवर सुमारे ७०० ग्रॅमची पोलादी कडी बसवून घेतली, त्यामुळे कमी फेऱ्यांवर इंजिन बंद पडेनासे झाले. ही कडी मात्र लेथवर घट्ट बसवून आणि तोल पाहूनच लावावी, कारण ती सुटली तर गोळीसारखी सुटते. तरीही वर्षभरात ९८ सीसीची मर्यादा मला कळली. माझे वजन ७८ किलो आहे. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) साधारण १.०५ किलोग्रॅम-मीटर असून तो साडेसहा हजार फेऱ्यांजवळ मिळतो, त्यामुळे लांब, ओल्या चढावर मला फेऱ्या चढवून क्लच घासत जावे लागे. नवतप्याच्या दिवसांत सकाळी नऊलाच खाणीतला दगड तापलेला असतो, चालण्याच्या गतीने जाणाऱ्या इंजिनावर वारा लागत नाही, आणि तिसऱ्या चढाला क्लचच्या जळक्या वासाने कळायचे की आता थांबायला हवे.

माझा भाचा त्याच खाणीत शिकतो. त्याचे वजन ५२ किलो आहे. त्याच्यासाठी मी स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे इंजिन निवडले, मूळचाच लहान कार्बोरेटर ठेवला आणि मागे साखळीचे मोठे स्प्रॉकेट (दातेरी चाक) बसवले, आणि त्याची गाडी पाहून मला वाटते की शिकणाऱ्याला यापेक्षा जास्त काही देऊच नये. चूक झाली तरी हे इंजिन अंगावर येत नाही. मूठ जास्त पिळली गेली तर ते फक्त आवाज करते. ३०० सीसीच्या टू-स्ट्रोकवर तीच चूक माणसाला पाठीवर पाडते.

माझ्यासाठी मी १५० सीसीच्या फोर-स्ट्रोककडे वळलो. होंडाच्या युनिकॉर्नमध्ये आलेले १४९ सीसीचे इंजिन, ५७.३ मिलिमीटरचा बोअर आणि ५७.८ मिलिमीटरचा स्ट्रोक, साडेपाच हजार फेऱ्यांवर साधारण १.३ किलोग्रॅम-मीटर टॉर्क. टू-स्ट्रोक सोडताना मला वाईट वाटले, कारण ते हलके असते, उतारावर इंजिनाचा ब्रेक कमी लागत असल्यामुळे मागचे चाक दगडांवर मोकळे फिरते आणि उघडायला-जोडायला अर्धा दिवस पुरतो. पण फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच इंधन जळते, दोन धक्क्यांच्या मध्ये टायरला दगड धरायला उसंत मिळते, आणि कमी फेऱ्यांवर ते टुकटुक करत ओढत राहते. माझ्या वजनाला आणि आमच्या खाणीतल्या भुसभुशीत मुरमाला ते जास्त मानवले. स्पर्धेच्या इतिहासात दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. सॅमी मिलर यांनी एरियलच्या ५०० सीसी फोर-स्ट्रोकवर वर्षानुवर्षे स्पर्धा जिंकल्या आणि १९६५ मध्ये बुल्टाकोच्या २४४ सीसी टू-स्ट्रोकवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स जिंकून जड फोर-स्ट्रोकचा काळ संपवला. पुढे २००७ पासून टोनी बू यांनी मोंतेसाच्या फोर-स्ट्रोकवर जागतिक विजेतेपदांची रांग लावली. तेव्हा प्रकारावरून वाद घालण्यापेक्षा आपले वजन, आपली जमीन आणि आपला मिस्त्री पाहावा, असे माझे मत आहे.

बुलेट का नाही, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी गाडीवर १९५२ आणि १९५७ साली हीच स्कॉटिश ट्रायल्स जिंकली होती, आणि कंपनीने २०१९ मध्ये त्या आठवणीवर ट्रायल्स नावाची बुलेट आपल्याकडे विकायलाही आणली. जुन्या लोखंडी बुलेटचे इंजिन ७० गुणिले ९० मिलिमीटरचे, म्हणजे लांब स्ट्रोकचे, आणि त्याच्या ३४६ सीसीवर कंपनीने केवळ २४ मिलिमीटरचा मिककार्ब कार्बोरेटर दिला होता. वरच्या सूत्रात बसवले तर हा आकार जेमतेम तीन हजार फेऱ्यांचा निघतो. बुलेट पायरीजवळ ज्या शांतपणे ओढते तिच्यात जड फ्लायव्हीलइतकाच (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या वजनदार चाकाइतकाच) त्या लहान तोंडाचाही हात आहे, आणि कार्बोरेटर लहान ठेवण्याचा याहून चांगला दाखला मला आपल्या रस्त्यांवर सापडलेला नाही. पण गाडीचे वजन दीडशे किलोच्या बरेच पुढे जाते आणि पडलेली बुलेट खाणीतून दोन माणसांशिवाय उभी राहत नाही. ते वजन मला पेलत नाही.

आता १५० सीसीवरचा कार्बोरेटर. या आकाराच्या इंजिनांवर कंपनीकडून बहुधा व्हॅक्यूमने स्लाइड उचलणारा कार्बोरेटर येत असे. रस्त्यावर तो उत्तम, कारण चालकाने घाई केली तरी स्लाइड इंजिनाला पेलेल तेवढीच आणि पेलेल तेव्हाच उठते. ट्रायल्समध्ये हाच गुण दोष ठरतो, कारण मनगट आणि स्लाइड यांच्यामध्ये कोणी तिसरा असून चालत नाही. म्हणून तारेने थेट उचलली जाणारी स्लाइड हवी. तिचा आकार ठरवताना मी पुन्हा तेच सूत्र घेतले: २६ मिलिमीटरला आठ हजार फेऱ्या, २२ ला पावणेसहा हजार, २० ला पावणेपाच हजार. माझ्या इंजिनाचा टॉर्क साडेपाच हजारांवर येत असल्यामुळे मी २२ वर थांबलो आणि मिकुनीच्या व्हीएम २२ जातीचा कार्बोरेटर घेतला. इथे खरेदी करणाऱ्यांनी एक सांभाळावे. हा कार्बोरेटर पुष्कळदा २६ मिलिमीटर म्हणून विकला जातो, कारण विकणारे इंजिनाकडच्या तोंडाचा व्यास सांगतात. आतली नळी २२ चीच असते. दुकानात व्हर्निअर (बारीक मापाची मोजपट्टी) घेऊन जावे आणि स्लाइडखालची नळी स्वतः मोजावी.

आकार बरोबर निवडला की उरलेले काम मुठीच्या पहिल्या आठव्या भागात असते. तिथे पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल देणारा), एअर स्क्रू आणि स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप यांचे राज्य असते. स्लाइडला लटकणाऱ्या सुईचा प्रभाव त्यानंतर येतो आणि पूर्ण मुठीला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटपर्यंत आम्ही क्वचितच पोहोचतो. तरीही नवीन माणूस हटकून मेन जेट बदलून पाहतो, कारण तो हाताला लवकर लागतो. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडील बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर फिरवला की मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, होते. इंजिनाकडील बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवला की मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे, होते. इंजिन पूर्ण तापल्यावर मंद चालू ठेवून हा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा आणि जिथे आवाज सर्वांत भरीव आणि समान येतो तिथे थांबावे. ती जागा दीड फेऱ्याच्या आसपास मिळाली तर पायलट जेट योग्य आहे. हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत न्यावा लागला तर जेट लहान आहे; तीन फेरे बाहेर काढावा लागला तर मोठा.

पायलट जेट हातात घेतला तर तो तांदळाच्या दोन दाण्यांएवढा पितळी तुकडा असतो आणि त्याचे छिद्र केसाहून थोडेच मोठे. काकांच्या दुकानात ट्यूबलाइटकडे धरून, एक डोळा मिटून पाहिले तेव्हा त्या छिद्रातून उजेडाचा गोल ठिपका दिसण्याऐवजी अर्धचंद्र दिसला होता. गाडी महिनाभर पावसाळ्यात उभी होती आणि कार्बोरेटरखालच्या भांड्यातल्या पेट्रोलने पाणी ओढून तळाशी पांढरी बुरशीसारखी पूड केली होती. काकांनी विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा काढून छिद्रातून ओवला आणि हवेचा झोत मारला. टाचणी किंवा पोलादी तार घालायची नाही, कारण पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि मग कोणताच हिशेब लागत नाही.

या पांढऱ्या पुडीचा संबंध २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशी आहे आणि तो विषय कार्बोरेटरवाल्यांनी टाळू नये. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे, आणि जुने जेट ते देत नाहीत. दुसरीकडे नागपूरचे हवामान. डिसेंबरच्या सकाळी १० अंश आणि मे महिन्यात ४५ अंश धरले तर उन्हाळ्यात हवा सुमारे ११ टक्के विरळ होते आणि कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप पाच-सहा टक्के घट्ट होते. इथेनॉलने आलेला पातळपणा आणि उन्हाने आलेला घट्टपणा मे महिन्यात एकमेकांना बरेचसे फेडतात, त्यामुळे ज्याने उन्हाळ्यात गाडी लावली त्याला वाटते की जुना जेट अजून चालतो. डिसेंबरमध्ये तीच गाडी पायरीसमोर खोकते. मी थंडीत पायलट जेट एक आकडा मोठा लावतो, सुईची क्लिप एक खाच खाली घेतो म्हणजे सुई वर उठते, आणि होळीनंतर दोन्ही पूर्ववत करतो.

राहिला प्रश्न भांड्याचा. रस्त्यावरची गाडी आडवी-तिडवी होत नाही, आमची होते. भांड्यात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा तुकडा, असतो. फ्लोटची बिजागरी एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उभ्या चढावर पेट्रोल मागे सरकते, पुढे असलेला फ्लोट खाली पडतो आणि भांडे गरजेपेक्षा जास्त भरून वाहू लागते. बिजागरी इंजिनाच्या बाजूला असेल तर फ्लोट लवकर उचलला जातो आणि पेट्रोल अडते. माझ्या गाडीत पायरीवर चढताना ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडायचे आणि वर पोहोचताच इंजिन गुदमरायचे. मी गाडी अंगणात फळीवर ४० अंशांत उभी करून नळीखाली वाटी ठेवली आणि फ्लोटची पत्री थोडी थोडी वाकवत भांड्यातली पातळी दोन मिलिमीटर खाली आणली. वाटी तिसऱ्या दिवशी कोरडी राहिली. त्यानंतर लांब सरळ चढावर, पूर्ण मूठ दिल्यावर, गाडी शेवटी किंचित उपाशी वाटते. तो त्रास मी पत्करला आहे, कारण तसा चढ आमच्या खाणीत एकच आहे.

आता २० मिलिमीटरचा एक जुना कार्बोरेटर नागपूरच्या इतवारी बाजारातून आणून ठेवला आहे. पायरीवर २२ ने माझे काम होते, पण खाणीच्या पश्चिमेकडच्या ओल्या घळीत, जिथे चाक घसरू न देता बावीस-तेवीस फूट रेंगाळत जायचे असते, तिथे अजूनही प्रत्येक फेरीत माझा एक पाय टेकतो. पाऊस लागला की घळीत पाणी येईल. त्याआधीच्या दोन रविवारी तोच टप्पा दोन्ही कार्बोरेटरांवर दहा-दहा वेळा चालवून किती वेळा पाय टेकतो ते भाचा वहीत लिहिणार आहे.